गेटवरचा कॅमेरा आणि पांढरीफटक नंबरप्लेट

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या बिल्डिंगसमोर मॅरेज गार्डन आहे, आणि इंदूरमध्ये ज्याच्या घरासमोर मॅरेज गार्डन आहे त्याला लग्नाचे मुहूर्त पंचांग न बघता कळतात. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास कोणीतरी गाडी वळवायला म्हणून आमच्या गेटात नाक घातलं, आत उभी असलेली माझी स्कूटी बंपरनी आडवी केली आणि तशीच गाडी मागे घेऊन निघून गेला. चौकीदार चहाला गेलेला. आवाज ऐकून मी खाली येईपर्यंत स्कूटीचा आरसा एकीकडे, इंडिकेटर दुसरीकडे, आणि गार्डनमध्ये डीजे चालूच.

मला काही वाटलं नाही, कारण गेटवर कॅमेरा होता. तोही मीच सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून लावून घेतलेला, चार मेगापिक्सेल, नाइट व्हिजन, बॉक्सवर रात्रीचा असा फोटो की वाटावं दुपारच आहे. म्हटलं आता बघतोच कोण आहे ते.

फुटेज लावलं. गाडी आली, आली म्हणजे काय, दोन पांढरे गोळे आले. गोळ्यांच्या खाली मधोमध एक पांढरी पट्टी. नंबरप्लेट आहे हे कळत होतं कारण तिचा आकार नंबरप्लेटचा होता, बाकी तिच्यावर एक अक्षर नाही, कोऱ्या पाटीसारखी. गाडीचा रंगही कळेना, बहुतेक पांढरी किंवा सिल्व्हर किंवा मग तेही नाही. आमचा गेटचा खांब मात्र लखलखीत, त्याच्यावरचा चुन्याचा पोपडा सुद्धा मोजता यावा इतका. पोलीस थाण्यावर गेलो तर साहेब चांगले होते, म्हणाले नंबर आणा, दहा मिनटात काम होईल. नंबरच तर नव्हता.

मग जे सगळे करतात ते मी पण केलं. क्लिप मोबाइलवर घेतली, झूम केली, ब्राइटनेस कमी केला, कॉन्ट्रास्ट वाढवला, दोन-तीन ॲप घालून बघितले. पांढऱ्याचं राखाडी झालं, बस. सिनेमात कसं एक माणूस कीबोर्ड बडवतो आणि धूसर फोटो साफ होत जातो, तसं काही होत नाही, आणि का होत नाही ते मला नंतर नीट समजलं. कॅमेऱ्याच्या व्हिडिओत साधारणपणे प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो, ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. उजेड जास्त झाला की आकडा २५५ वर जाऊन अडकतो. प्लेटचा पांढरा भाग तर २५५ झालाच, पण तिच्यावरची काळी अक्षरंही इतक्या उजेडात आणि आजूबाजूच्या चकाकीत २५५ च्या जवळ जाऊन बसली. आता दोन्हीकडे एकच आकडा, मग ॲप बिचारं काय वेगळं काढून दाखवणार. दूध उतू गेल्यावर पातेलं बघून सांगता येतं का की किती लिटर तापत ठेवलं होतं? तसंच. अंधारात हरवलेलं थोडंफार वर ओढता येतं, त्यात दाणे येतात पण काहीतरी मिळतं. जळलेलं पांढरं मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी कॅमेरेवाल्या पोराला बोलावलं. तो आला, शिडी न लावताच वर बघितलं आणि म्हणाला, "अंकल, आठ मेगापिक्सेल डलवा लो, फोर के, एकदम क्लियर आएगा." मी जवळपास हो म्हणत होतो. पैसे पण विचारून झाले.

तेवढ्यात बाबा वरून गॅलरीतून बोलले. बाबांचं वय ब्याऐंशी आहे, त्यांचा राजवाड्याच्या मागच्या गल्लीत फोटो स्टुडिओ होता, मीही वीसेक वर्षं तिथेच घासली, डिजिटल आलं आणि मग मोबाइल आले आणि दुकान मिटलं. ते म्हणाले, "अरे त्याला विचार, एक्स्पोजर कोण ठरवतं?" एक्स्पोजर म्हणजे चित्रासाठी किती उजेड आत घ्यायचा ते. पोराला काही कळलं नाही. मला कळलं आणि थोडी लाजही वाटली, कारण हा प्रश्न माझ्या डोक्यात आधी यायला पाहिजे होता.

कसं आहे, ऑटोवर ठेवलेला कॅमेरा साधारणपणे पूर्ण फ्रेमची सरासरी काढतो. सगळं मिळून मध्यम राखाडी येईल इतका उजेड आत घ्यायचा, एवढंच त्याला माहीत. स्टुडिओत आमच्याकडे अठरा टक्क्यांचं ग्रे कार्ड असायचं, तेच. आता रात्रीचं आमचं गेट म्हणजे नव्वद टक्के काळोख. कॅमेरा बघतो, अरे फारच अंधार आहे, मग शटर जास्तीत जास्त वेळ उघडं ठेवतो, गेन वाढवतो, म्हणजे मिळालेला उजेड विजेनी फुगवतो, आमच्या फिल्मच्या भाषेत एएसए चढवतो, आणि काळोखातला खांब, कुंड्या, पाण्याची मोटर सगळं उजळून दाखवतो. अशात फ्रेमच्या इवल्याशा भागात हेडलाइट आणि नंबरप्लेट आली की ते जळणारच. कॅमेरा बिघडला नव्हता. तो खांबाचा फोटो काढत होता, आणि छान काढत होता.

हाच घोळ बाबांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांमध्ये, म्हणजे रोषणाईच्या चित्ररथांमध्ये, पन्नास वर्षं बघितलेला. ज्यांनी इंदूरच्या मिलांच्या झांक्या बघितल्यात त्यांना माहीत आहे, हजारो बल्ब, आणि खाली रस्त्यावर माणसं अंधारात. माणसांचं एक्स्पोजर धरलं तर झांकी म्हणजे नुसता पांढरा जाळ, झांकीचं धरलं तर माणसं गायब. बाबा बल्बचं एक्स्पोजर धरायचे आणि माणसांवर फ्लॅश मारायचे. हे लक्षात ठेवा, पुढे ह्याच्यावर परत येतो.

तर आठ मेगापिक्सेलचं मी रद्द केलं. मेगापिक्सेल म्हणजे ठिपके किती, ठिपका किती उजेड झेलू शकतो तो प्रश्नच वेगळा. उलट तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, दुप्पट ठिपके बसवले तर एकेक ठिपका लहान होतो आणि त्याच्या वाट्याला उजेडही कमी येतो. म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त ठिपक्यांची पांढरी पट्टी मिळाली असती.

आमचा कॅमेरा नेटवर्कचा आहे, म्हणजे कंप्युटरच्या ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की त्याची सेटिंग उघडतात. पासवर्ड पोराकडून मागून घेतला, त्यानी दिला पण असा चेहरा करून की जसं मी त्याच्या घराची किल्ली मागितली. आत 'बॅकलाइट' नावाचा एक भाग होता आणि त्यात चार पर्याय: ऑफ, बीएलसी, डब्ल्यूडीआर, एचएलसी. एका वेळी एकच निवडता येतो. आमचं ऑफ होतं. कोणी हात लावलेलाच नव्हता, बॉक्समधून जसा निघाला तसा चार वर्षं चालू होता.

रात्रीचं नंतर, आधी मी संध्याकाळचं बघितलं, कारण तिथेही एक रड होती. गेट पश्चिमेला तोंड करून आहे. पाच वाजले की सूर्य सरळ रस्त्याच्या टोकाला येतो आणि गेटातून आत येणारा प्रत्येक माणूस काळी बाहुली होऊन जातो. दूधवाला, कुरियरवाला, माझी सख्खी बहीण, सगळे सारखेच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "कॅमेऱ्यात सगळे भुतासारखे दिसतात, मी बघतच नाही."

बीएलसी लावलं. ह्यात तुम्ही फ्रेममध्ये एक चौकोन आखायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचं की बाबा रे, सरासरी ह्या चौकोनाची काढ, बाकीचं सोड. चौकोन गेटवर आखला. माणसाचा चेहरा दिसायला लागला, पण त्याच्यामागचा रस्ता पूर्ण पांढरा झाला, जसं गेटच्या पलीकडे जगच नाही. बीएलसी एक्स्पोजर एकच घेतं, फक्त कोणाच्या बाजूनी घ्यायचं ते बदलतं. जो जिंकला तो दिसतो, दुसरा जळतो.

मग डब्ल्यूडीआर. आणि इथे मी खरंच खुश झालो. खऱ्या डब्ल्यूडीआरमध्ये कॅमेरा एकाच चित्रासाठी दोन किंवा जास्त एक्स्पोजर घेतो, एक लांब, ज्याच्यात सावलीतलं सगळं येतं, एक छोटं, ज्याच्यात उन्हातलं जळत नाही, आणि मग दोन्हीतलं चांगलं चांगलं उचलून एक चित्र शिवतो. आम्ही डार्करूममध्ये एन्लार्जरखाली हाताची सावली धरून जे तासन्‌तास करायचो, ते हा सेकंदाला पंचवीस वेळा करतो. संध्याकाळी सव्वापाचला माणसाच्या शर्टाच्या चौकटी दिसत होत्या आणि मागे मॅरेज गार्डनच्या पाटीवरची अक्षरं पण. बाबांना खाली आणून दाखवलं, ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "चित्र जरा मेलंय." बरोबर होतं त्यांचं. लेव्हल पन्नासवर होती, सगळं राखाडी सपाट दिसत होतं, ऊन ऊन वाटेना आणि सावली सावली. पस्तीसवर आणली तर जीव आला.

इथे एक सांगून ठेवतो कारण दुकानात फसायला होतं. बॉक्सवर १२० डीबी लिहिलेलं असतं ते काय. कॅमेऱ्याच्या हिशोबात दर २० डीबीला दहापट. म्हणजे ६० डीबी म्हणजे सगळ्यात अंधाऱ्या आणि सगळ्यात उजळ जागेत हजारपटीचा फरक झेलेल, १२० डीबी म्हणजे दहा लाखपट. फोटोवाल्यांसाठी सोपं म्हणजे साधारण सहा डीबीचा एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, तर १२० म्हणजे वीस स्टॉप. आमची स्लाइड फिल्म पाच-सहा स्टॉपमध्ये मान टाकायची, तेव्हा हा आकडा वाचून मी दोनदा चष्मा पुसला. कागदावरचा आणि गेटवरचा आकडा एकच असेल असं काही नाही, पण तरी. आणि जिथे 'डिजिटल डब्ल्यूडीआर' किंवा नुसतं डीडब्ल्यूडीआर लिहिलं असेल तिथे दोन एक्स्पोजर नसतात, एकच चित्र घेऊन त्याच्यातली सावली सॉफ्टवेअरनी वर ओढलेली असते. जळलेलं त्यानी परत येत नाही. पातेल्याची गोष्ट वर सांगितलीच.

आता रात्र. भाच्याला बोलावलं, तो लोकमान्य नगरला राहतो, त्याच्याकडे गाडी आहे आणि रात्री अकरा वाजता बिनकामाचं काही करायला तो कायम तयार असतो. योजना अशी की तो गाडी गेटात आणेल, थांबेल, मागे नेईल, आणि मी वर लॅपटॉपवर एकेक सेटिंग बदलत जाईन. फोनवर बोलत. पहिल्या रात्री आम्ही हे एकोणीस वेळा केलं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ खाली येऊन विचारून गेले की सगळं ठीक आहे ना.

डब्ल्यूडीआर रात्री नापास. दिवसा जे एवढं छान वाटलं त्याच्यात रात्री दाणे दाणे, आणि गाडी हलली की हेडलाइटच्या कडेला एक भुताटकी सावली, कारण दोन एक्स्पोजर वेगवेगळ्या क्षणी घेतलेले आणि मधल्या वेळात गाडी पुढे सरकलेली, मग शिवण जुळत नाही. प्लेट पांढरी ती पांढरीच.

एचएलसी लावलं. हे बरोबर उलट्या स्वभावाचं आहे, हे फ्रेममधली सगळ्यात उजळ जागा शोधतं आणि तिला दाबतं. काही कॅमेऱ्यांत हेडलाइटच्या जागी चक्क काळा किंवा राखाडी डाग येतो, आमच्यात एक्स्पोजरच खाली येतं. गोळे लहान झाले, गाडीचं बोनेट दिसलं, कंपनीचा लोगो दिसला, मी फोनवर ओरडलो "दिसलं दिसलं", भाचा म्हणाला "नंबर वाचा मामा." नंबर नव्हता. बोनेट दिसतंय, लोगो दिसतोय, बंपरवरचा ओरखडा दिसतोय जो त्यानी बहिणीपासून लपवला होता, आणि प्लेट अजून कोरी.

इथे आम्ही दोघंही अडकलो. दोन रात्री मी एचएलसीची लेव्हल वरखाली करत बसलो. मग तिसऱ्या रात्री भाच्याला फोन आला म्हणून त्यानी गेटात गाडी लावून हेडलाइट बंद केले आणि बोलत बसला. मी सहज स्क्रीनकडे बघितलं. हेडलाइट बंद. गाडी पूर्ण काळी. आणि नंबरप्लेट ट्यूबलाइटसारखी पेटलेली.

म्हणजे हेडलाइटचा संबंधच नव्हता! किंवा होता पण थोडा. प्लेट आमचाच कॅमेरा जाळत होता. रात्री कॅमेऱ्याच्या लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड, म्हणजे आयआर, एलईडी लागतात, तो उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, जवळ जाऊन बघितलं तर फक्त मंद लाल ठिपके दिसतात, पण कॅमेऱ्याला तो टॉर्चसारखा आहे. आणि नंबरप्लेटचा पत्रा रिफ्लेक्टिव्ह असतो. आता १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटीच्याच प्लेटा येतात, होलोग्राम असलेल्या, त्या तर असतातच. ह्या रिफ्लेक्टिव्ह पत्र्याचा गुण असा की आरशासारखा तो उजेड दुसरीकडे फेकत नाही, जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. हायवेवर रात्री पाट्या आपल्यालाच चमकताना दिसतात ते ह्याच्यामुळे. आमच्या कॅमेऱ्यात उजेडाचा उगम लेन्सला चिकटूनच, मग परत आलेला सगळा उजेड सरळ लेन्समध्ये. मी आयआरची पॉवर शंभरवरून पंधरावर आणली आणि भाच्याच्या प्लेटवर एमपी ०९ उमटलं. फक्त एमपी ०९, पुढचं अजून फिस्कटलेलं, पण आम्ही दोघं असे नाचलो की चौकीदार हसायला लागला.

त्या आयआरनी अजून एक गंमत केलेली. कॅमेऱ्यापासून दोन फुटावर गेटचा तो चुन्याचा पांढरा खांब. आयआर आधी त्याच्यावर पडायचं, खांब भगभगीत, आणि स्मार्ट आयआर म्हणून जे असतं, जवळची वस्तू जळायला लागली की पॉवर आपोआप कमी करणारं, ते खांबाकडे बघून गोंधळायचं. शिवाय कॅमेऱ्याच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. जाळं दिवसा दिसत पण नाही, रात्री आयआरमध्ये पांढरा दोरखंड. जाळं झाडलं, कॅमेरा दोन फूट पुढे सरकवून घेतला, खांबाला गेरूचा हात मारायचा विचार होता पण इन्फ्रारेडला कोणता रंग गडद वाटेल त्याचा काही नेम नसतो, डोळ्याला काळा दिसणारा कपडा सुद्धा रात्री कॅमेऱ्यात पांढरा दिसतो, म्हणून खांब फ्रेममधूनच काढला.

राहिलं शटर. ते ऑटोवर होतं आणि रात्री १/२५ वर जाऊन बसायचं. आता हिशोब करा. गाडी ताशी २० किलोमीटरनी आली तर सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. १/२५ सेकंदात ती २२ सेंटिमीटर सरकते. कारच्या नंबरप्लेटवरच्या अक्षराची रेघ नियमाप्रमाणे १० मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे एक सेंटिमीटरची रेघ बावीस सेंटिमीटर सरकताना आपण तिचा फोटो काढतोय. गाडी सरळ अंगावर येत असेल तर चित्रात एवढं सरकत नाही हे खरं, पण गेटात गाड्या तिरक्याच येतात. १/५०० केलं तर सरकणं १.१ सेंटिमीटरवर येतं, रेघेच्या जाडीएवढं. आणि शटर छोटं केलं की दुहेरी फायदा, प्लेट हलत नाही आणि जळत पण नाही, कारण उजेडच वीसपट कमी आत येतो. गेनची कमाल मर्यादा शंभर होती ती तीसवर आणली, नाहीतर कॅमेरा एका हातानी दिलेलं दुसऱ्या हातानी काढून घेतो, शटर कमी केलं म्हणून गेन चढवून बसतो.

१/५००, गेन ३०, आयआर ४०, एचएलसी चालू. भाचा आला. पूर्ण नंबर. चारही आकडे. स्क्रीनवर बाकी काही नाही, फक्त काळोखात तरंगणारी एक नंबरप्लेट.

आणि हीच मग पुढची अडचण. मीटिंगमध्ये मी मोठ्या अभिमानानी दाखवलं तर अध्यक्ष म्हणाले, "अहो पण गाडी कुठेय? माणूस कुठेय? उद्या कोणी चालत येऊन मोटर काढून नेली तर?" त्यांचं बरोबर होतं हे मान्य करायला मला दोन दिवस लागले. ज्या सेटिंगला प्लेट दिसते त्या सेटिंगला माणूस दिसत नाही, दोन्ही एका कॅमेऱ्यातून मागणं म्हणजे झांकी आणि माणसं एका फ्रेममध्ये मागणं, आणि ते तर बाबा फ्लॅशशिवाय कधी करायचेच नाहीत. टोलनाक्यावर सुद्धा नंबर वाचायचा कॅमेरा वेगळा असतो तो उगीच नाही.

शेवटी असं ठरलं की जुना कॅमेरा माणसांसाठी, आणि नंबरसाठी एक दुसरा, चार मेगापिक्सेलचाच, पण झूमची लेन्स असलेला, २.८ ते १२ मिलिमीटरची. आठ हजारांच्या आसपास गेला तो. वर बारा फुटावर नाही लावला, छातीपेक्षा थोडा वर, गेटच्या बाजूला, गाडी जिथे हळू होते त्या जागेवर लेन्स पूर्ण आवळून. फ्रेममध्ये गेटाएवढीच रुंदी. कोन फार तिरका झाला की आकडे एकमेकांवर चढतात म्हणून तीन वेळा भिंतीत भोकं पाडली, त्यातली दोन अजून तशीच आहेत, काकू रोज बोलून दाखवतात.

आणि जुन्या कॅमेऱ्याला काय केलं तर, फ्लॅश मारला. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूनी, गेटाकडे तोंड करून दोन साधे एलईडी बल्ब लावले, अंधार पडला की लागणारे. दोघांची किंमत कॅमेऱ्याच्या वायरपेक्षा कमी. स्टुडिओत आम्ही थर्माकोलचं शीट धरून चेहऱ्यावर उजेड टाकायचो, तेच काम. अंधारातली जागा वर आली की हेडलाइट आणि अंधारातला फरक कमी झाला, कॅमेऱ्याला गेन इतका चढवावाच लागेना, आणि रात्री रंग दिसायला लागले ते वर फुकट. मला विचाराल तर शंभरातली सत्तर कामं ह्या बल्बांनी केली, सेटिंग बिटिंग उरलेलं. पण हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

छोट्या कटकटी होत्याच. रात्री एखाद्या गाडीचा लाइट सरळ लेन्सवर पडला की नव्या कॅमेऱ्याला वाटायचं सकाळ झाली, आत टक्‌ करून इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर सरकायचा, चित्र रंगीत, गाडी गेली की परत टक्‌, काळंपांढरं. लग्नाच्या रात्री नुसतं टक्‌टक्‌. ते ऑटोवरून काढून वेळेवर लावलं, संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेसहा रात्र, मग बाहेर काय वाटेल ते होवो. तसंच जुन्या कॅमेऱ्याला दिवसा डब्ल्यूडीआर आणि रात्री एचएलसी हलक्या लेव्हलवर, हे दोन वेगळे प्रोफाइल करून ठेवता येतात, मेन्यूत शोधावं लागतं. आणि गार्डनवाल्यांच्या एलईडी बोर्डावर नव्या कॅमेऱ्यात काळे पट्टे वर वर सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, आणि बोर्डांचं लुकलुकणं तर त्याहून वेगळं असतं, १/५० किंवा १/१०० शटरमध्ये ते बहुतेक लपतं, १/५०० मध्ये पकडलं जातं. आम्हाला बोर्ड वाचायचाच नाहीये, सोडून दिलं.

एक आठवलं म्हणून सांगतो, ह्याच्याही आधी बिल्डिंगमध्ये एक जुना कॅमेरा होता, त्याच्यात हेडलाइट आला की स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत उभी पांढरी रेघ यायची. तेव्हा आम्ही समजायचो वायर खराब आहे, दोनदा बदलली. ती सीसीडी सेन्सरची खोड होती, ज्याच्या शोधासाठी बॉयल आणि स्मिथ ह्या दोघांना २००९ साली नोबेल मिळालं तीच सीसीडी, १९६९ ला बेल लॅबमध्ये सुचलेली. एक ठिपका फारच भरला की वाचताना त्याच्या उभ्या रांगेत चार्ज सांडत जायचा. आताच्या सीमॉस सेन्सरमध्ये ते नाही. वायरीचे पैसे गेले ते गेलेच.

स्कूटीवाला सापडला नाही. ते होणारच नव्हतं, त्या रात्रीची प्लेट २५५ झालेली. साडेतीन हजार माझ्या खिशातून. जानेवारीत नव्या कॅमेऱ्यात पहिला स्वच्छ नंबर जो आला तो अध्यक्षांच्या जावयाच्या गाडीचा, रात्री पावणेबाराला पाहुण्यांच्या पार्किंगऐवजी माझ्या जागेवर लावलेली. मी प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावणार होतो, बायकोनी हातातून काढून घेतली.

मार्चमध्ये रंगपंचमीच्या रात्री परत सगळं धुरकट. प्लेटभोवती तेजोवलय, बल्बभोवती तेजोवलय, अगदी देवादिकांच्या कॅलेंडरसारखं. मी तासभर सेटिंग तपासत बसलो, कोणी काही बदललंय का म्हणून चौकीदाराला उलटतपासणी. दिवसभर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आणि आमच्या गल्लीतल्या पोरांनी पण घरच्या घरी गेर काढलेली, गुलाल हवेत एवढा की कॅमेऱ्याच्या काचेवर त्याचा पातळ थर बसलेला, आणि प्रत्येक कण उजेड पसरवत होता. ओल्या फडक्यानी पुसलं. फडकं गुलाबी झालं आणि चित्र साफ.

पुढच्या वर्षी मी सेक्रेटरी नसेन, म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांची सेटिंग एका कागदावर लिहून मीटरच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलीयत. शटर १/५००, गेन ३०, आयआर ४०, दिवसा डब्ल्यूडीआर ३५. खाली बाबांनी त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय, काच पुसणे.